वाणात दिलेले दगड

आमच्या इमारतीत आपल्याकडचं घर ओळखायचं असेल तर खाली उभं राहून बाल्कन्या बघाव्यात. जिथे कढीपत्ता दिसेल ते आपलं घर. कढीपत्त्याला थंडीत प्लॅस्टिकचं टोपरं शिवून घातलेलं दिसलं, तर ते नक्की पुण्याचं. त्याच्या बाजूला तुळस, पुदिना, बादलीत लावलेली मेथी. तोक्योच्या ह्या कोतो वॉर्डात राहायला आल्यावर जपानी माणसं सांभाळतील न सांभाळतील, पण कढीपत्ता आपण सांभाळलाच पाहिजे, अशी इथल्या प्रत्येक बाईची ठाम समजूत असते.

माझ्या बाल्कनीत मात्र दगड आहेत. लहान लहान मातीच्या कुंड्या, त्यांत खडी, आणि त्या खडीत वर्षातले निम्मे महिने काहीही नाही. माझी आई व्हिडिओ कॉलवर ते बघते आणि सुस्कारा टाकते.

"अगं, पण ह्यात उगवलंय काय?"

"आत्ता झोपलंय गं आई."

"बरं. मग उठल्यावर दाखव."

तिला मी किती वेळा सांगितलं, की ही उंच डोंगरावरची फुलझाडं आहेत. मोठी झाडं जिथे उगवायची थांबतात त्याच्याही वर, खडकांच्या फटींत राहतात. उंची बोटभर. हिवाळाभर बर्फाखाली झोपतात आणि बर्फ वितळला की घाईघाईने फुलून घेतात. ह्यांना माती नको, खत नको, ऊब तर अजिबात नको. थंडीने ही कधी मरत नाहीत. उकाड्याने मरतात, आणि मायेने मरतात. आणि मी राहते समुद्रसपाटीला, कालव्याच्या काठी, जिथे ऑगस्टमध्ये आंघोळ करून बाहेर पडलं की स्टेशनपर्यंत दुसरी आंघोळ होते. माझा नवरा म्हणतो, हे म्हणजे मुंबईत पेंग्विन पाळण्यासारखं आहे. मी म्हणते, मुंबईत पेंग्विन पाळलेच आहेत की! त्यावर तो लॅपटॉपमध्ये तोंड घालतो.

हा नाद मला लागला तो मात्र निव्वळ थंडीमुळे. एका मार्चमध्ये, पार्टटाइमच्या बेकरीतून घरी येताना, हात गार पडले म्हणून वॉर्डाच्या समाजमंदिरात शिरले. आत प्रदर्शन होतं. लांबलचक टेबलावर पांढरं कापड, त्यावर पेढ्याएवढ्या, वाटीएवढ्या कुंड्या, आणि त्यांत शर्टाच्या बटणाएवढी फुलं. मी वाकून बघायला लागले, तर बाजूने आवाज आला, "श्वास जरा बाजूला सोडा."

ह्या आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरू. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला, ॲप्रनच्या खिशात चिमटा आणि भिंग. आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं, त्यामुळे समोर येणाऱ्या माणसाला काहीतरी झालेलं आहे असं गृहीत धरूनच बोलतात. ही डोंगरी झाडं वाढवणाऱ्यांच्या त्यांच्या मंडळात दहा-बारा माणसं. निम्म्यांच्या कानात यंत्र. मी शेहेचाळीस वर्षांची, म्हणजे मंडळातली बालकलाकार. पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त खडी धुवायला लावली. चाळायची, धुवायची, वाळवायची, परत चाळायची. तांदूळ इतके निवडले असते तर माझी सासू धन्य झाली असती.

ह्या लोकांची एक रीत मला फार आवडली. कुणाचंही झाड जरा भरलं, की त्याचे तुकडे करून दुसऱ्यांना द्यायचे. हे औदार्य नव्हे बरं का. हा स्वतःवरचा अविश्वास आहे. कुठल्या ना कुठल्या उन्हाळ्यात आपल्या घरचं झाड मरणार, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. मग दुसऱ्याच्या घरी जगलेला तुकडा परत आणायचा. लग्न झालेली मुलगी चार दिवस आईकडे येते, त्याला जपानीत जो शब्द आहे तोच हे लोक ह्या झाडांना वापरतात. म्हणजे आपल्या भाषेत, झाड माहेरपणाला येतं.

दोन वर्षं खडी धुतल्यावर सेन्सेईंनी मला त्यांच्या लाडक्या झाडाचा तुकडा दिला. युकिवारिसो, म्हणजे बर्फ फोडून येणारं. इवलीशी गुलाबी फुलं, पानं उलटून पाहिली तर मागून पांढरी भुकटी, पिठाचा हात लागल्यासारखी. हे झाड त्यांना त्यांच्या सासूने दिलेलं.

"कशा होत्या सासूबाई?" मी विचारलंच. हा प्रश्न विचारल्याशिवाय मराठी बाईला घास उतरत नाही.

"भयंकर," सेन्सेई म्हणाल्या. "हे झाड मेलं, तर ती जिंकली."

मी हसले. त्याही हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, की आजवर मंडळातल्या कितीजणांना ह्याचे तुकडे दिले. पण काहीजण गेले, काहीजण मुलांकडे राहायला गेले, कुंड्या कुठे गेल्या कोण जाणे. "आता एक माझ्याकडे आहे आणि एक तुमच्याकडे. विसरू नका."

विसरणार कशी? तीन वर्षांत माझ्या कुंडीत त्या एका तुकड्याची भरघोस जुडी झाली. आणि मग आलं हळदीकुंकू.

इथे हळदीकुंकवाची एक गंमत आहे. सगळ्याजणी वाण आणायला त्याच एका शंभर येनच्या दुकानात जातात. मी तुला झाकणाचा निळा डबा देते, तू मला झाकणाचा निळा डबा देतेस. रथसप्तमीपर्यंत घरात निळ्या डब्यांची उतरंड लागते. त्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला. युकिवारिसोची कुंडी दरवर्षी त्याच सुमाराला मोकळी करून नव्या खडीत लावावी लागते. मंडळाची रीत म्हणते वाटा. आपली रीत म्हणते लुटा. मग घोडं अडलं कुठे? मी जुडीचे तुकडे केले, एक स्वतःला ठेवला आणि बाकीचे देखण्या कुंड्यांत लावून आलेल्या बायकांच्या हातात ठेवले.

आता त्या दिवसांत हे झाड म्हणजे काय? खडीत गळ्यापर्यंत बुडालेला एक हरभऱ्याएवढा कोंब. बाकी नुसते दगड. म्हणून प्रत्येकीला तोंडी सांगितलं, "ह्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. उबेत नको, जरा लांबच ठेवा. वेळ आली की आपोआप वर येईल." सगळ्या "अय्या, किती वेगळं!" म्हणाल्या आणि आनंदाने घेऊन गेल्या.

एक सोडून. ती आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते, आणि तिचं-माझं बोलणं बंद होतं. कारण सांगितलं तर तुम्ही हसाल, पण सांगते. आदल्या गणपतीत मी एकशे एक उकडीचे मोदक करून नेले होते. पाठ मोडून. हिने एक उचलला, चावला, आणि चारचौघांत म्हणाली, "मोचीच्या पिठाचे केलेत का गं?" आता, पीठ मोचीचंच होतं, म्हणजे इथल्या चिकट तांदळाचं. आंबेमोहोराचं पीठ इथे काय झाडाला लागतं? पण म्हणून ते मोठ्याने विचारायचं? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "तुमच्याकडे दगडाचे करत असतील." झालं. त्या दिवसापासून आम्ही "अगं तू" वरून "अहो तुम्ही" वर आलो. आमच्यात भांडण झालं की आदर वाढतो.

पण हळदीकुंकवाचं बोलावणं टाळता येत नाही आणि आलेलं बोलावणं नाकारता येत नाही. ती आली, मी कुंकू लावलं, तिने तिळगूळ घेतला. दोघींनी एकमेकींना "गोड बोला" म्हटलं आणि त्यानंतर अवाक्षर बोललो नाही. वाण देताना मात्र मी बाकीच्यांना केलं तेच भाषण तिलाही केलं. तिचा चेहरा जरा विचित्र झाला होता. मला वाटलं, तिचा चेहरा तसाच आहे.

इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये, मी आणि लेक पुण्याला गेलो. कुंड्या नवऱ्याच्या हवाली केल्या. नुसतं रोज संध्याकाळी एक भांडं पाणी घाल म्हटलं असतं तर तो बिचारा घालत बसला असता. पण त्याने सिस्टिम केली. कुंडीत सेन्सर, नळाला मोटर, फोनवर ॲप. मी पुण्याहून विचारलं की तो ऑफिसातून स्क्रीनशॉट पाठवायचा. सगळं हिरवं. आता त्या सेन्सरची समज अशी, की तो मातीतला ओलावा मोजतो. माझ्या कुंडीत मातीच नाही! दगडांत तो बिचारा कायम "कोरडं, कोरडं" म्हणून ओरडत राहिला आणि मोटर पाणी सोडत राहिली, आणि पाणी सुटलं की ॲप खुशीत हिरवं. मी परत आले तेव्हा ॲप हिरवं होतं आणि युकिवारिसो काळं. पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, बुडलेल्या घड्यावर पाणी मी प्रथमच पाहिलं.

"रिक्वायरमेंट नीट कळली नव्हती," नवरा म्हणाला.

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी मी फार घाबरले नाही. सेन्सेईंकडे मूळ झाड होतं ना. पण सप्टेंबरच्या सभेला सेन्सेई काठी टेकत आल्या तेव्हा कळलं, की जुलैत त्या न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि सगळा उन्हाळा हॉस्पिटलात गेला. कुंड्यांचं पाणी मुलाकडे होतं. मुलगा म्हणजे साठी ओलांडलेले गृहस्थ. ते बिचारे आईला भेटून घरी यायचे ते भर दुपारी, आणि आल्या आल्या तापलेल्या कुंड्यांवर पाणी ओतायचे. दगडांचं पाणी उकळलं आणि झाडं शिजली.

सेन्सेई माझ्याजवळ आल्या. ह्या बाईने इतक्या वर्षांत मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं गेलं. तुमचं?"

इथे एक शब्द आहे, दाइजोउबु. सगळं ठीक आहे, असा अर्थ. सायकलवरून पडून गुडघा फुटला तरी माणूस आधी दाइजोउबु म्हणतो, मग रक्त पुसतो. माझ्या तोंडातून तोच गेला.

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "मग नोव्हेंबरच्या सभेला घेऊन या. झाड झोपायच्या आधी एकदा कोंब बघते." आणि मनगट सोडताना हसून म्हणाल्या, "अजून ती जिंकली नाही." मला इतकं वाईट वाटलं की मी स्टेशनवर जाऊन चुकीच्या दिशेची ट्रेन पकडली.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "वाणात दिलेलं रोपटं कुणाकडे जिवंत आहे का?" उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली, गुलाबाची फुलं आली, कुणीतरी "शुभ सकाळ" म्हणालं. मग मीच निघाले घरोघरी.

तिसऱ्या मजल्यावरचीने कुंडी देवघरात ठेवली होती. "वाण आहे ना, म्हटलं पवित्र जागी असावं." रोज निरांजनाची धग, वर हळदकुंकू, अक्षता आणि सणावारी चमचाभर दूध. झाड मार्चमध्येच देवाघरी गेलेलं. समोरच्या इमारतीतली म्हणाली, "अगं, मी रोज तांदळाचं धुवण घालायचे, कढीपत्त्याला घालते तसं. कढीपत्ता बघ कसा आलाय!" कढीपत्ता खरंच छान आला होता. तिच्या शेजारणीच्या मुलाने खडी माशांच्या टाकीत टाकली होती. मासे मजेत होते. योकोहामाला राहायला गेलेल्या मैत्रिणीकडे मी दोन गाड्या बदलून गेले. ती म्हणाली, "तुझ्या कुंडीत काही येईचना, मग मी त्यात कोथिंबीर पेरली. इतकी सुंदर आली म्हणून सांगू!" आणि तिने मला एक जुडी बांधून दिली. मी युकिवारिसो आणायला गेले होते, कोथिंबीर घेऊन परत आले.

कुणावर चिडणार? कुणीही हेळसांड केली नव्हती. सगळ्यांनी लक्ष दिलं होतं, भरभरून दिलं होतं. अति तेथे माती म्हणतात, आणि माझ्या झाडाला मातीच चालत नाही. मंडळाने झाड जाणकारांना दिलं होतं, मी ते प्रेमळ माणसांना दिलं.

त्या रात्री जेवताना मी कोथिंबिरीची वडी ताटात आपटली.

"अकराव्या मजल्यावर विचारलंस का?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

"तिने त्याच दिवशी फेकून दिलं असेल!"

लेक फोनमधून डोकं न काढता जपानीत म्हणाली, "दगडांची कुंडी ना? आहे की. त्यांच्या दाराबाहेर." तिची आणि अकराव्या मजल्यावरच्या मुलीची मैत्री. आयांचं बोलणं बंद झालं म्हणून पोरी थोड्याच थांबतात. रोज वर-खाली चालू असतं.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

मी हात धुतले आणि लिफ्टमध्ये शिरले. कुंडी आहे, पण कुंडीत काय आहे? आणि समजा असलं, तर तिच्याकडे मागायचं? मी? तिच्याकडे?

अकराव्या मजल्याचा बाहेरचा व्हरांडा उत्तरेकडे उघडा आहे. कालव्यावरून येणारा वारा सरळ अंगावर येतो. तिच्या दाराशेजारी मीटरचा कोनाडा आहे, त्याच्या कठड्यावर माझी कुंडी होती. मी फोनचा दिवा लावला. पिवळी पडत आलेली पाच-सहा पानं. एक उलटून पाहिलं, पांढरी भुकटी. आणि मधोमध टुमटुमीत, हिरवा कोंब. मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले आणि मला रडू आलं. देव तारी त्याला कोण मारी!

दार उघडलं. तिने खाली बघितलं.

"तुम्ही?"

"हे जिवंत आहे!" मी म्हटलं.

"का? असायला नको होतं?"

"अहो, सगळ्यांकडचं मेलं. तुमच्याकडे कसं जगलं?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बोलावं की नाही ह्याचा विचार करत होती. मग एकदाचं सगळं बाहेर पडलं. "तुम्ही मला वाणात दगड दिलेत! आधी गणपतीत म्हणालात, तुमच्याकडे दगडाचे मोदक करतात. मग घरी बोलावून, कुंकू लावून, हातात दगड ठेवलेत. वर म्हणालात, लांब ठेवा, फार लक्ष देऊ नका. मला काय कळत नाही?"

मी फोनचा दिवा बंद केला.

"फेकणारच होते," ती म्हणाली. "पण दगड कचऱ्यात घेत नाहीत. जळणाऱ्यात नाही, न जळणाऱ्यात नाही, कुठल्याच दिवशी नाही. मग म्हटलं राहू दे बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला बरं, की बघा, काय वाण दिलंय बाईने."

"आणि पाणी?"

"पाणी कोण घालतंय! मुलगी शाळेतून आली की बाटलीतला उरलेला बर्फ ह्यात रिकामा करते. सिंकपर्यंत जायचा कंटाळा."

बर्फ! मी डोक्याला हात लावला. उत्तरेची सावली, कालव्याचा वारा, खडी, आणि संध्याकाळी बर्फ. सेन्सेईंनी आयुष्यभर मंडळाला जे शिकवलं, ते ह्या बाईने निव्वळ रागाने करून दाखवलं होतं.

"पण मग एप्रिलमध्ये फुललं असेल ना?"

ती जरा गडबडली. "फुललं."

"मग कळलं ना, दगड नव्हते ते?"

"कळलं."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगणार?" ती ओरडली. "आपण बोलत नव्हतो!"

आणि मग मला हसू फुटलं. मी हसले म्हणून ती चिडली, आणि चिडता चिडता तीही हसली. आतून तिच्या मुलीने डोकं बाहेर काढलं, आम्हाला बघितलं आणि परत आत घेतलं. मी तिला सेन्सेईंचं सगळं सांगितलं, खुब्याचं हाड, सासू, आणि मी म्हटलेलं दाइजोउबुसुद्धा. तिने कुंडी उचलून छातीशी धरली. "न्यायची तर ने. पण मी पण येणार."

नोव्हेंबरच्या सभेला आम्ही दोघी गेलो. कुंडी तिच्या मांडीवर, रुमालात बांधलेली. सेन्सेईंनी भिंग काढलं आणि कोंब इतका वेळ बघितला, की आजूबाजूची माणसंही वाकून बघायला लागली.

"कोणी सांभाळलं?"

मी तिच्याकडे बोट केलं.

"कसं?"

हिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं, ऑफिसातलं. सरळ सांगून टाकलं, "मला वाटलं हिने माझा अपमान करायला दगड दिलेत. म्हणून रागाने बाहेर ठेवलं."

सेन्सेई इतक्या हसल्या, की खुर्चीचा हात धरावा लागला. मग हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी भिंग बंद करून खिशात ठेवलं.

"मलाही ऐन थंडीतच मिळालं," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते. सासूने हातात दगडांची कुंडी ठेवली आणि म्हणाली, फार काही करू नकोस. मला वाटलं, मला म्हणतेय. हिला काही येत नाही, असं. मी रडले. कुंडी मोरीमागे टाकून दिली. एप्रिलमध्ये फुलली."

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"काहीच नाही. राग गेला नव्हता. पुढच्या वर्षीही म्हटलं नाही. मग न म्हणायची सवय झाली. तिनेही कधी विचारलं नाही. मग ती गेली." त्यांनी कुंडीवरचा एक खडा सरळ केला. "तिला ठाऊकच नाही फुललं ते."

इतकी वर्षं मी ह्या बाईच्या तोंडून हरण्याजिंकण्याच्या गोष्टी ऐकत होते.

कुंडी मात्र त्यांनी ठेवून घेतली नाही. झोपायला टेकलेलं झाड आता हलवायचं नाही, म्हणाल्या. जिथे जगलं तिथेच राहू दे. फुललं की घेऊन या, माझ्या घरी.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. मग ती म्हणाली, "पुढच्या गणपतीला मोदक मी करते."

"कर," मी म्हटलं. "पण मोचीचं पीठ घेऊ नकोस. चिकटतं मेलं."

ती एकदम वळली. "म्हणजे मोचीचंच होतं ना!" डब्यातल्या लोकांनी मान वर करून बघितलं, एवढ्या मोठ्याने.

झाडाचा खरा धोका मात्र तिथून सुरू झाला. राग होता तोवर ते सुखात होतं. आता माया सुरू झाली. ती ऑफिसला जाताना त्याला बघायची, येताना बघायची. मी "सहज" म्हणून अकराव्या मजल्यावर जायचे. ती मला दटावायची, हात लावू नकोस. मी तिला दटावायचे, पाणी घालू नकोस. नवऱ्याने सेन्सरचं नाव काढलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केलं. मार्चअखेर पानं उलगडली. एप्रिलात एके सकाळी तिचा फोन आला, "अगं, ये लवकर!" मी चपला न घालता गेले. बोटभर दांड्यावर गुलाबी फुलांचा गुच्छ.

सेन्सेईंचं घर नदीच्या पलीकडे, जुन्या वस्तीत. मुलाने दार उघडलं. आत एका कोपऱ्यात, गेलेल्या माणसांसाठी ठेवतात तो काळ्या लाकडाचा देव्हारा होता, आणि त्याच्या वरच्या बाजूला एका बाईचा फोटो. करारी जिवणी, एकही केस इकडचा तिकडे नाही. ओळख करून द्यायची गरज नव्हती.

सेन्सेईंनी मुलाचा हात धरला आणि हळूहळू खाली बसल्या. खुब्याच्या हाडाला ते बसणं मना होतं. त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी फोटोसमोर ठेवली, फुलं फोटोकडे केली. छोटी घंटा वाजवली. हात जोडले. आणि घरातल्या माणसाला आतल्या खोलीतून हाक मारावी तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "आई, फुललं."

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. अकराव्या मजल्यावरची पर्समध्ये टिश्यू शोधत होती आणि तिला सापडत नव्हता, म्हणून मी माझा दिला, आणि मग मलाच लागला.

सेन्सेई वळल्या तेव्हा डोळे ओले होते. त्यांनी कुंडी परत जवळ ओढली, खडीत बोट घातलं, आणि कपाळाला आठी घातली.

"पाणी जास्त झालंय. कोण घालतं?"

आम्ही दोघींनी एकदम एकमेकींकडे बोट दाखवलं.